मागची पडवी होती तेवढीच परत उभी करायचीय, त्याचा नियम लोकांना लेखी द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

२०२५ मध्ये हायकोर्टाने गोव्यातल्या रस्त्याकडेच्या आणि शेतातल्या बेकायदेशीर बांधकामांची स्वतःहून दखल घेतली तेव्हापासून तुमच्या पेपरात पंचायतींच्या नोटिसा, पाडापाडी, मग जुनी बेकायदेशीर घरं नियमित करायची सरकारची ‘म्हजें घर’ योजना, अर्ज कोणी करायचा, कुठे करायचा, हे सगळं सारखं येतंय आणि मी ते मन लावून वाचते. कारवाई व्हायलाच हवी, त्यात माझं दुमत नाही. शेतात भराव टाकून आणि डोंगर कापून जे उभं राहतंय ते बघून जीव तुटतो. पण ह्या सगळ्यात एक माणूस कुणाच्याच हिशेबात नाहीय. त्याचं घर जुनं आहे, रीतसर आहे, घरपट्टी भरलेली आहे, आणि फक्त मागची पडवी पावसाने बसलीय. त्याला नवीन काही बांधायचं नाही. होती ती पडवी होती तिथेच, होती तेवढीच परत उभी करायची आहे. त्यासाठी नक्की काय करायचं हे त्याला कुणी सरळ सांगत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय, थोडं लांबेल, पण छापा अशी विनंती.

पडवी म्हणजे घराला मागून चिकटवलेला फालतू भाग असं वाटणाऱ्यांनी जुनं घर पावसात बघितलेलं नसणार. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, वाळपईकडे त्याहून जास्त, आणि तो काय सरळ वरून पडत नाही, वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून तिरका भिंतीवर येतो. आमच्या जुन्या घरांच्या भिंती एकतर निव्वळ मातीच्या नाहीतर चिरे मातीत बसवून बांधलेल्या. चिरा पाणी पितो, मधली माती भिजली की ढिली होते, आणि पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून वर उडतं ते भिंतीचा पायाच खातं. म्हणून जुन्या लोकांनी मागीलदाराला पडवी ओढली, तिच्यात न्हाणी आली, लाकडं-सोडणं आली, नारळाचा ढीग आला, कुणाकडे गुरं होती, पण ह्या सगळ्याच्या आधी तिचं काम भिंत कोरडी ठेवणं हेच होतं. ज्या बाजूला पडवी नसायची तिथे मे महिन्यात चुडतांची मल्लां (माडाच्या झावळ्यांची झापं) विणून भिंतीला बांधायचे, आता ती विणणारी माणसंपण मिळत नाहीत. तर सांगायचं म्हणजे पडवी पडली आणि दोन पावसाळे तशीच राहिली की तिसऱ्या पावसाळ्यात मागची भिंत फुगते, आणि भिंत गेली की मग विषय रिपेरीचा राहत नाही, घराचाच होतो.

आमचं घर डिचोली तालुक्यात आहे, सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळचं. मागची पडवी चोवीस फूट लांब आणि सात फूट रुंद, वर मंगळुरी कौलं. भिंतीकडची आडवी तुळई वाळवीने आतून पोखरली होती, बाहेरून रंग तसाच होता, आणि ऐन आषाढात तीन वासे खाली आले. एका कौलाचं वजन सव्वादोन-अडीच किलो धरा, शंभर चौरस फुटाला साधारण दीडशे कौलं लागतात, म्हणजे आमच्या एवढ्याशा पडवीवर उतार धरून तीनशेच्या आसपास कौलं आणि साडेसहाशे-सातशे किलोचा भार, भिजल्यावर त्याहून जास्त. खाली त्या वेळी कोणी नव्हतं ही देवाची कृपा. तात्पुरते टेकू लावले, निळी ताडपत्री घातली आणि पंचायतीत गेलो.

तिथे कुणी वाईट बोललं नाही, उगीच नावं ठेवायची म्हणून ठेवणार नाही. पण एका टेबलावर सांगितलं की ही रिपेरी आहे, साधा अर्ज द्या. दुसऱ्या वेळी सांगितलं की पडवी पूर्ण उतरवणार म्हणजे ते नवीन बांधकाम, प्लान आणा, इंजिनिअरचं एस्टिमेट आणा, टीसीपीची (नगरनियोजन खात्याची) टेक्निकल क्लिअरन्स लागेल. मग कोणीतरी सर्व्हे प्लान काढून बघितला तर त्यात घराची आकृती आहे पण मागच्या पडवीची रेघ नाही, मग म्हणाले पडवी आधी होती हेच तुम्ही सिद्ध करा. वन-फोर्टीनच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबाराच म्हणा) माझ्या मिस्टरांचे काका, आत्या, त्यांची मुलं अशी सगळ्यांची नावं, कोण मुंबईला, कोण पोर्तुगालला, त्यांची सगळ्यांची एनओसी आणा. हे प्रत्येक वेळी तोंडी. एकदाही कुणी कागदावर लिहून दिलं नाही की ह्या कामाला हे हे लागतं आणि ते ह्या ह्या नियमाखाली लागतं. मी रागाने लिहीत नाहीय, मला खरंच वाटतं की तिथे बसलेल्या माणसालासुद्धा स्पष्ट माहीत नसतं आणि आज हायकोर्टाची भीती एवढी आहे की सही करण्यापेक्षा अजून एक कागद मागणं त्याला जास्त सेफ वाटतं.

कायदा काय म्हणतो ते मी नंतर बसून वाचलं, आणि ते लोकांना माहीत असावं म्हणून इथे देते. गोवा पंचायत राज कायदा १९९४, त्याचं कलम ६६. नवीन इमारत उभी करणं, असलेल्या इमारतीत फेरफार करणं किंवा तिला जोडून काही वाढवणं, ह्याला पंचायतीची लेखी परवानगी लागते. अर्ज दिल्यापासून ३० दिवसांत पंचायतीने निर्णय करून कळवायचा असतो. नाही कळवला तर पुढच्या ३० दिवसांत पंचायत खात्याच्या डेप्युटी डायरेक्टरकडे अपील करता येतं, त्यांनी ते ३० दिवसांत निकालात काढायचं, आणि त्यांनीही नाही काढलं तर परवानगी मिळाली असं धरून काम सुरू करता येतं, मात्र नियम मोडून काही करता येत नाही. हे वाचल्यावर मला बरं वाटलं, कारण वाट आहे. पालिका क्षेत्रात हेच काम १९६८ च्या म्युनिसिपालिटी कायद्याच्या कलम १८४ खाली येतं. बांधकामाची मापं, उंची, सेटबॅक (हद्दीपासून सोडायची जागा), एफएआर (जमिनीच्या मानाने किती बांधायचं ते प्रमाण), हे सगळं २०१० च्या बिल्डिंग रेग्युलेशन्समध्ये आहे. पण ही रेग्युलेशन्स इंग्लिशमध्ये, जाडजूड, आणि गावातल्या माणसाने उघडून बघावीत अशी त्यांची रचनाच नाही. पडवीवाल्या माणसाला त्यातलं अर्धं पानसुद्धा लागत नाही, पण ते अर्धं पान त्याच्या भाषेत कुठेच मिळत नाही हे दुखणं आहे.

आता लोक काय करतात ते सांगते. पंचायतीत दोन-तीन खेपा झाल्या की कोणीतरी जवळचाच माणूस सल्ला देतो, अहो कशाला लायसनच्या भानगडीत पडता, शनिवार-रविवार दोन दिवस ऑफिसं बंद, माणसं लावा आणि पत्रे टाकून मोकळे व्हा, पत्र्याला कोण विचारतं. आम्हालाही हे सांगितलं गेलं, आपुलकीनेच सांगितलं. पण ह्या एका सल्ल्याने गावंच्या गावं बदलत चाललीत. आणि त्यामागे एक साधं गणित आहे, ते नीट मांडते कारण मला वाटतं सगळ्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे.

मंगळुरी कौलाला उतार चांगला लागतो, तीसेक अंशाचा. सात फूट रुंदीच्या पडवीला तीस अंशाच्या उताराने भिंतीकडची बाजू आणि बाहेरची कड ह्यांत चार फुटांचा फरक पडतो. म्हणजे घराच्या वळचणीखाली साडेनऊ फुटांवर पडवीचं पाखं सुरू झालं तर बाहेरच्या कडेला साडेपाच फूटच उरतात, उंच माणसाला वाकून आत यावं लागतं. जुन्या पडव्या अशाच होत्या आणि त्या ठेंगण्या होत्या म्हणूनच तिरका पाऊस आत येत नव्हता. आज कुणालाही वाकायला नको असतं, ते साहजिक आहे. मग पडवी नवीन करताना बाहेरची कड दोन फूट वर घेतात. वरची बाजू वाढवता येत नाही कारण तिथे मोठ्या घराची वळचण आडवी येते. म्हणजे चार फुटांचा फरक दोनवर आला, उतार तीसवरून सोळा अंशांवर आला. एवढ्या कमी उतारावर कौल टिकत नाही, वाऱ्याने पाणी उलटं चढतं आणि कौलाच्या जोडातून आत येतं. मग कौलं जाऊन पत्रा येतो, कारण पत्रा कमी उतारावर चालतो. पत्रा आला की उंची मिळाली, उंची मिळाली पण पाऊस आत यायला लागला म्हणून बाहेरच्या बाजूने चिऱ्याची भिंत येते, भिंत आली की दरवाजा-खिडकी येते, आणि दोन वर्षांत तिथे भाड्याची खोली झालेली असते. पत्र्याची कडही तिथे थांबत नाही, अजून एक पत्रा, अजून एक पत्रा असं करत शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत जाते आणि पागोळ्या त्याच्या अंगणात पडतात, मग भांडण आणि मग कंप्लेंट. ह्यातल्या कुठल्याच टप्प्यावर लायसन मागितलेलं नसतं. म्हणून मी म्हणते की होती तशी कौलाची पडवी परत उभी करायला सहज आणि लेखी परवानगी मिळाली असती तर ह्यातल्या कितीतरी बेकायदेशीर खोल्या झाल्याच नसत्या. माणूस आधी सरळ वाटेनेच येतो, ती बंद दिसली की आडवाट धरतो.

आम्ही पत्रे टाकले नाहीत. सासूबाईंनी सांगितलं की पडवी कौलाचीच होईल, आणि माझंही तेच मत होतं. शेवटी लायसन मिळालं, लांबी-रुंदी-उंची वाढवायची नाही ह्या अटीवर, आणि पुढच्या पावसाच्या आधी काम झालं. ह्या सगळ्यात जे उपयोगी पडलं ते सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाला करायचं असेल तर निदान तेवढा त्रास वाचेल.

पहिली गोष्ट, काहीही उतरवायच्या आधी फोटो काढा. चारही बाजूंनी, आतून, आणि टेप लावून, टेपचा आकडा फोटोत दिसेल असे. भिंतीकडची उंची, बाहेरच्या कडेची उंची, जोत्याची उंची, खांबाखांबातलं अंतर, शेजाऱ्याच्या गडग्यापासूनचं अंतर. पडलेल्या वाशांचेसुद्धा फोटो. पडवी एकदा उतरवली की ती केवढी होती हे सांगायला तुमच्याकडे काही उरत नाही, आणि सगळा वाद त्याच एका गोष्टीवर असतो. जुनं जोतं दिसत असेल तर ते उकरू नका, कारण जोत्याची रेघ हा सगळ्यात भक्कम पुरावा, ती खोटी करता येत नाही. घरातल्या लग्ना-मुंजीच्या जुन्या अल्बममध्ये मागीलदार दिसतंय का बघा. आमच्याकडे एका जुन्या फोटोत पडवीचा कोपरा आला होता, तो कामाला आला. घरपट्टीच्या पावत्या आणि लाइटची जुनी बिलं जोडाच, पण एक लक्षात ठेवा, घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं कायदा मानत नाही, त्या पावतीने घर जुनं आहे एवढंच कळतं. आणि सर्व्हे प्लानवर रेघ नाही म्हणून घाबरू नका, गोव्यात सर्व्हे १९७० च्या दशकात झाला, त्यात घराच्या बाहेरच्या रेघा आल्या, पण मागच्या कौलारू पडव्या, मांगर (सामानाच्या खोपी), न्हाण्या सगळीकडे नीट धरल्या गेल्या असतीलच असं नाही. ह्यावर सरकारने काहीतरी ठरवायला हवं, त्याबद्दल पुढे लिहिते.

अर्जात शब्द जपून लिहा. पडवी ‘वाढवायची’, ‘सुधारायची’, ‘मोठी दुरुस्ती’ असं मोघम लिहू नका. असलेल्या जोत्यावर, असलेल्या मापात, कौलारू छप्पर उतरवून पुन्हा घालणे, भिंत नवीन नाही, स्लॅब नाही, उंची तीच, असं सरळ लिहा आणि मापं लिहा. अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या, तारखेसकट, कारण ते ३० दिवस त्या तारखेपासून मोजायचे असतात. पोच नसेल तर कलम ६६ चा तुम्हाला काही उपयोग नाही.

कामाबद्दल दोन-तीन गोष्टी आमच्या मेस्तने (सुताराने) सांगितल्या त्या मला फार पटल्या. जुन्या मातीच्या भिंतीवर नवीन पडवीचा भार टाकायचाच नाही. पूर्वी वासे भिंतीत खोचायचे, भिंतीतला ओलावा वाशाच्या टोकात जायचा आणि वाळवीला घरातून रस्ता मिळायचा. त्याऐवजी पडवीत भिंतीकडच्या बाजूनेही खांब उभे केले, त्यांवर तुळई, आणि तिच्यावर वासे. पडवी भिंतीला लागून आहे पण भिंतीवर टेकलेली नाही. खांब जमिनीत गाडले नाहीत, चिऱ्याच्या बैठकीवर ठेवले. वासे जून माडाचे, रिपा पोफळीच्या, सगळ्यांना काजूच्या टरफलाचं तेल दिलं, हात काळे होतात आणि अंगावर उठतं म्हणून ते सांभाळून द्यावं लागतं पण वाळवीला त्याच्यासारखं औषध नाही. मोठ्या घराच्या पागोळ्या पडवीच्या वरच्या ओळीवर पडतात म्हणजे पडवीला दुप्पट पाणी झेलावं लागतं, म्हणून मोठ्या पाख्याला पन्हळ लावून ते पाणी कडेला नेलं. आणि मागच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचा मोह होतो तो करू नये, मातीच्या भिंतीला सिमेंट लावलं की ओल आत कोंडते आणि गिलाव्याचे पापुद्रे मातीसकट निघतात. चुन्याचा नाहीतर मातीचाच गिलावा ठेवावा.

जुन्या भिंतीला सळ्या बांधून मागे स्लॅब टाकायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. ते रिपेरीत बसत नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे स्लॅब आणि मातीची भिंत एकत्र नांदत नाहीत, दोघांचं बसणं वेगवेगळं, मधे भेग पडतेच आणि त्या भेगेतून पाणी घरात.

आता जे प्रश्न माणसाच्या हातात नाहीत, सरकारनेच सोडवायचे आहेत, त्यांच्याकडे येते.

एक म्हणजे लाकूड. चांगलं लाकूड महाग झालंय, जून माड सगळ्यांकडे नाहीत. लोक लोखंडी पायपांचा सांगाडा करून वर कौलं घालतात, दिसायला पडवी तशीच राहते, उतार तोच राहतो. पण काही ठिकाणी सांगतात की लाकडाचं लोखंड केलं म्हणजे बदल झाला, नवीन लायसन काढा, तर काही ठिकाणी कोणी विचारतसुद्धा नाही. माप आणि उतार तोच असेल तर आतला सांगाडा कशाचा ह्याने शेजाऱ्याला, रस्त्याला, कुणालाच फरक पडत नाही. हे एका ओळीत लिहून सगळ्या पंचायतींना पाठवायला काय हरकत आहे?

दुसरं, एनओसी. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या वारसा कायद्यामुळे घर एकाच्या नावावर क्वचितच असतं, चार पिढ्या इन्व्हेंटरी (कोर्टातून वारसांची वाटणी) झालेली नसते आणि उताऱ्यावर जिवंत-मेलेल्यांची सगळ्यांची नावं असतात. घर विकायचं असेल, मोठं करायचं असेल, तर सगळ्या हिस्सेदारांची संमती हवीच, ह्यात दोन मतं नाहीत. पण पडलेली पडवी परत उभी करणं म्हणजे सगळ्यांचीच मालमत्ता राखणं, ते न केल्याने सगळ्यांचंच घर पडणार आहे. तिथे प्रत्येकाची सही मागण्यापेक्षा त्यांना रजिस्टर पोस्टाने कळवलं आणि ठराविक मुदतीत कुणी लेखी हरकत घेतली नाही तर लायसन द्यावं, एवढं पुरे व्हायला हवं. आज होतं काय, की एका हिस्सेदाराचं जुनं भांडण असतं आणि तो सही अडवून पूर्ण घर पाडतो. गावोगाव अशी पडकी घरं उभी आहेत, अंगणात रान वाढलेलं, तुळस सुकलेली.

मुंडकारांचं, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत घर असलेल्यांचं, तर ह्याहून कठीण. १९७५ च्या मुंडकार कायद्याने राहतं घर आणि त्याबरोबरची जमीन, गावात ३०० आणि शहरात २०० चौरस मीटरपर्यंत, विकत घ्यायचा हक्क दिला, पण कितीतरी कुटुंबांची केस अजून मामलेदाराकडे पडून आहे किंवा केसच घातलेली नाही. तोपर्यंत पडवीला हात लावायचा म्हटलं तर भाटकाराची हरकत येईल म्हणून पंचायत कचरते आणि मुंडकार पुन्हा पत्र्याकडे वळतो. ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसा त्याच्याच भिंती सगळ्यात जास्त मातीच्या असतात हे कुणी विसरू नये.

नदीकाठच्या आणि दर्याकाठच्या लोकांना सीआरझेड (किनाऱ्यावरच्या बांधकामांचे केंद्राचे नियम) नाव ऐकूनच धडकी भरते. त्यांनी हे जरूर वाचावं की २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत, सीआरझेड तीनमध्ये (म्हणजे मुख्यतः गावाकडच्या किनाऱ्यावर) दर्याकाठी भरतीच्या रेषेपासून २०० मीटरच्या ना-विकास पट्ट्यातसुद्धा, असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करायला वाव ठेवलाय, अट एवढीच की असलेला एफएसआय (तोच तो एफएआर), असलेलं जोतं आणि असलेली घनता ह्याच्या पुढे जायचं नाही. त्यासाठीची परवानगी घ्यावी लागते ती घ्यावीच. पण ‘सीआरझेडमध्ये काहीच करता येत नाही’ हे जे सरसकट सांगून परत पाठवतात ते खरं नाही, आणि त्या एका वाक्यामुळे कितीतरी मच्छीमारांची घरं ताडपत्रीखाली दिवस काढतायत.

‘म्हजें घर’ योजना आणि त्याआधीचा २०१६ चा रेग्युलरायझेशन कायदा हे २८ फेब्रुवारी २०१४ च्या आधी झालेल्या बेकायदेशीर बांधकामांना नियमित करण्यासाठी आहेत. त्याच्या गुणदोषांत मी जात नाही. मला एवढंच दिसतं की ज्याने परवानगी न घेता बांधलं त्याच्यासाठी फॉर्म आहे, कट ऑफ तारीख आहे, कॅम्प आहे, जाहिरात आहे. आणि ज्याला परवानगी घेऊनच रिपेरी करायची आहे त्याच्यासाठी एक साधा छापील कागद आम्हाला कुठे मिळाला नाही, की बाबा एवढं आण आणि एवढ्या दिवसांत लायसन घेऊन जा. हे मला फार लागतं. मी सरकारवर टीका करायची म्हणून करत नाही, आमच्या आमदारांनी आणि पंचायत खात्याने हे मनावर घेतलं तर एका परिपत्रकाचं काम आहे.

त्या परिपत्रकात काय असावं, तर प्रत्येक पंचायतीच्या बोर्डावर मराठीत आणि कोकणीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं असावं, कुठल्या कामाला काहीच लागत नाही (कौलं चाळणं, फुटलेली बदलणं, रंग), कुठल्याला साधं रिपेर लायसन लागतं आणि कुठल्याला नवीन बांधकामाचं. जुन्या जोत्यावर जुन्या मापात कौलारू पडवी परत उभी करणं हे रिपेरीत धरावं. काम सुरू व्हायच्या आधी पंचायतीच्या माणसाने एकदा येऊन मापं घ्यावीत, फोटो काढावेत, झाल्यावर परत एकदा येऊन तीच मापं ताडून बघावीत, आणि एक फूट जरी वाढलेलं दिसलं तरी खुशाल नोटीस काढावी, मी स्वतः पंचायतीच्या बाजूने उभी राहीन. सर्व्हे प्लानवर पडवी नसेल तर जुनं जोतं आणि जुने फोटो बघून, शेजाऱ्यांचा पंचनामा करून ती नोंद एकदाची करून घ्यावी म्हणजे पुढच्या पिढीला तोच त्रास नको. इंजिनिअरचं एस्टिमेट मोठ्या कामाला ठीक आहे, सात फुटांच्या पडवीला मेस्तने लिहून दिलेली लाकडांची यादी चालायला हवी.

आणि वेळेचं बघा. मे महिन्यात अर्जांची झुंबड उडते, सगळ्यांना पाऊस जवळ आल्यावरच पडवी आठवते हे खरं आहे, पण पंचायतीकडूनही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोणी आठवण करून देत नाही. २०२५ मध्ये तर मान्सून मे महिन्यातच येऊन थडकला, ज्यांनी कौलं उतरवून ठेवली होती त्यांचे काय हाल झाले असतील विचार करा. तेव्हा माझी मागणी अशी आहे की चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर पंचायतीने दवंडी द्यावी, व्हॉट्सॲपवर टाकावं, देवळात बोर्ड लावावा, की ज्यांच्या पडव्या, न्हाण्या, मांगर ह्या पावसात बसले त्यांनी तुळशीच्या लग्नापर्यंत अर्ज आणून द्यावेत. पाहणी डिसेंबरात करावी, लायसनं जानेवारीत हातात द्यावीत, म्हणजे शिगम्यापर्यंत लाकूडकाम होतं आणि एप्रिलमध्ये कौलं चढतात. मेस्त आणि गवंडीही तेव्हाच मिळतात, मे महिन्यात ते दुप्पट मजुरी मागतात आणि तरी येत नाहीत.

संपादक साहेब, तुमच्याकडेही एक मागणं आहे. तुमच्या बातमीदारांना प्रत्येक तालुक्यातल्या दोन-चार पंचायतींत पाठवून एवढंच विचारायला लावा, की जुनी कौलारू पडवी त्याच मापात परत उभी करायला तुमच्याकडे कुठले कागद लागतात, ते लेखी द्या. जी उत्तरं मिळतील ती आहेत तशी शेजारी शेजारी छापा, चवथीच्या आधी छापलीत तर फार बरं.

आपली नियमित वाचक,
डिचोली तालुका